घटक ५ : लहान विमानतळाची सुरक्षा, नियोजन आणि मराठी लेखनव्यवहार

५.० उद्दिष्टे

या घटकाचा अभ्यास केल्यानंतर आपल्याला
१. लहान विमानतळाच्या सुरक्षाव्यवस्थेचे प्रमुख भाग सांगता येतील;
२. ‘धोका’ आणि ‘जोखीम’ या संज्ञांमधील फरक स्पष्ट करता येईल;
३. विमानतळाचे नियोजन आणि परिसरातील जमिनीचा वापर यांचा संबंध विशद करता येईल;
४. पाहणीची नोंद व सार्वजनिक सूचना निःसंदिग्ध मराठीत लिहिता येईल.

५.१ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, मागील घटकात आपण कार्यालयीन टिप्पणी व अहवाल यांचा विचार केला. शब्दातील संदिग्धतेमुळे जेथे माणसाच्या जिवाला अपाय होऊ शकतो, अशा एका कार्यक्षेत्रातील लेखन आता पाहावयाचे आहे.

त्यासाठी आपण मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर ही उदाहरणे घेतली आहेत. नांदेडच्या श्री गुरू गोविंदसिंगजी विमानतळाचा विस्तार २००८ मधील गुरुता-गद्दी त्रिशताब्दी सोहळ्याच्या निमित्ताने झाला. २७ एप्रिल २०१७ रोजी ‘उडान’ योजनेचा प्रारंभ झाला, तेव्हाच्या पहिल्या मार्गांत नांदेड–हैदराबाद मार्गाचा समावेश होता. लातूरच्या विमानतळावर मात्र बराच काळ नियमित प्रवासी सेवा नव्हती.

विमानोड्डाणाचे तांत्रिक नियम बहुतांशी इंग्रजीत असतात. परंतु धावपट्टीच्या कडेचे गवत कापणारा कामगार, शेजारच्या गावचा ग्रामसेवक, घर बांधणारा नागरिक आणि जनावरे चारणारा गुराखी यांचा व्यवहार मराठीत चालतो. नियमाचा आशय त्यांच्यापर्यंत अचूक पोहोचला नाही, तर तो नियम कागदावरच राहतो.

५.२ विषय-विवेचन

५.२.१ धोका आणि जोखीम

बोलीभाषेत हे दोन शब्द आपण समानार्थी म्हणून वापरतो. सुरक्षाव्यवस्थापनात त्यांचे अर्थ वेगळे आहेत. ज्या गोष्टीतून हानी होऊ शकते ती गोष्ट म्हणजे ‘धोका’. ती हानी घडण्याची शक्यता किती आणि घडल्यास तिची तीव्रता किती, या दोहोंचा एकत्रित विचार म्हणजे ‘जोखीम’.

धावपट्टीजवळ फिरणारे मोकाट जनावर हा धोका होय. कुंपण अखंड असून दररोज पाहणी होत असेल तर जोखीम कमी. कुंपणाला भगदाड असेल आणि उड्डाणाची वेळ जवळ आली असेल तर जोखीम मोठी. ६ नोव्हेंबर २०१४ रोजी सुरत विमानतळावर उड्डाणासाठी धावत असलेल्या प्रवासी विमानाची धडक एका म्हशीला बसली होती. म्हणजे धोका नाट्यमय असावाच लागतो असे नाही. तो आपल्या गोठ्यातलाही असू शकतो.

मराठवाड्यात धोक्यांचे स्वरूप ऋतूनुसार बदलते. पावसाळ्यात काळी माती फुगते, चर गाळाने भरतात, धावपट्टीच्या कडेला गवत वाढते. गवतात किडे आणि किड्यांमागे पक्षी येतात. उन्हाळ्यात तीच माती भेगाळते. शिवाय तापलेली हवा विरळ होते. त्यामुळे विमानाच्या पंखांना मिळणारी उचल आणि इंजिनाची शक्ती दोन्ही घटतात. मे महिन्यातील दुपारी त्याच वजनाच्या विमानाला डिसेंबरच्या सकाळपेक्षा अधिक लांब धावावे लागते.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंगा येथे तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उड्डाणानंतर लगेच खाली आले, तारांमध्ये अडकले आणि कोसळले. सुदैवाने त्यातील सर्वजण बचावले. उड्डाणाची जागा निवडताना तिच्याभोवती कोणत्या तारा, झाडे व इमारती आहेत आणि त्या वेळी तापमान व वारा कसा असेल, हे प्रश्न किती मूलभूत आहेत, हे या घटनेवरून ध्यानात येते.

स्वयं-अध्ययन प्रश्न १ : कुंपणाला पडलेले भगदाड हा धोका आहे की जोखीम? दोन वाक्यांत कारण द्या.

५.२.२ नियोजन : विमान बदलले की गरज बदलते

विमानतळावर अग्निशमनाची किती व्यवस्था असावी, हे तेथे येणाऱ्या सर्वांत मोठ्या विमानाची लांबी व रुंदी यांवरून ठरणाऱ्या श्रेणीने निश्चित होते. उडानच्या आरंभी नांदेडला येणारे एटीआर-७२ हे पंख्यांचे विमान सुमारे २७ मीटर लांबीचे. ते पाचव्या श्रेणीत बसते. २०२४ पासून येऊ लागलेले एम्ब्रेअर-१७५ हे जेट विमान सुमारे ३२ मीटरचे. ते सहाव्या श्रेणीत जाते. प्रवासी आसनांत फारसा फरक नाही; पण आंतरराष्ट्रीय मानकांनुसार पाचव्या श्रेणीला एक अग्निशमन वाहन पुरते, तर सहावीला दोन लागतात. उड्डाणे कमी असल्यास श्रेणीत काही सवलत मिळते. तथापि वाहन धावपट्टीच्या कोणत्याही टोकाला तीन मिनिटांच्या आत पोहोचले पाहिजे, ही अपेक्षा कायम राहते.

यावरून नियोजनाचे एक सूत्र मिळते. ‘नवीन विमानसेवा सुरू’ ही बातमी नागरिकांसाठी आनंदाची असते. व्यवस्थापनासाठी ती माणसे, वाहने, पाणी आणि प्रशिक्षण यांची नवी यादी असते. ही यादी पहिल्या उड्डाणापूर्वी पूर्ण व्हावी लागते.

५.२.३ नियोजन : कुंपणाबाहेरची जमीन

विमानतळाच्या सुरक्षेची हद्द कुंपणापाशी संपत नाही. विमान नियम, १९३७ मधील नियम ९१ अन्वये विमानतळापासून १० किलोमीटरच्या परिघात जनावरांची कत्तल करणे किंवा पक्षी व प्राणी आकर्षित होतील असा कचरा टाकणे प्रतिबंधित करण्यात आले. नांदेडसारख्या वाढत्या शहरात या परिघात वसाहती, बाजार आणि खेडी सारेच येते. म्हणून महानगरपालिकेचे घनकचरा व्यवस्थापन हादेखील विमानसुरक्षेचाच भाग ठरतो.

इमारतींच्या उंचीवरही मर्यादा असते. येथे भाषेचा एक प्रश्न उद्भवतो. ना-हरकत प्रमाणपत्रातील अनुज्ञेय उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली असते. समजा, भूखंड समुद्रसपाटीपासून ३८० मीटर उंचीवर आहे आणि प्रमाणपत्रात ‘४०० मीटर’ असे लिहिले आहे. याचा अर्थ इमारत पाण्याच्या टाकीसह आणि अँटेनासह २० मीटरपेक्षा उंच नसावी. मराठी अनुवादात ‘समुद्रसपाटीपासून’ हा एक शब्द गळला, तर वाचणाऱ्याचा संपूर्ण गैरसमज होईल.

५.२.४ पाहणीची नोंद

पुढील दोन नोंदी अभ्यासासाठी तयार केलेल्या आहेत.

नोंद अ : ‘धावपट्टीवर काही ठिकाणी पाणी साचल्याचे आढळले. योग्य ती कार्यवाही करावी.’

नोंद आ : ‘सकाळी ६.१० वा. पाहणी. पूर्व टोकापासून २०० मीटरवर, उत्तर कडेला, सुमारे ४ मीटर लांबीत पाणी साचले आहे. ६.१५ वा. कर्तव्यावरील अधिकाऱ्यांना दूरध्वनीने कळवले. पाणी काढले. ६.५० वा. फेरपाहणी, पृष्ठभाग कोरडा. शिल्लक काम : चरातील गाळ काढणे. जबाबदारी : स्थापत्य शाखा. मुदत : आज सायंकाळी ५.’

नोंद अ व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे. परंतु कोठे, किती, केव्हा, कोणी यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर ती देत नाही. ‘करावी’ या क्रियापदाचा कर्ता कोण, हे वाचणाऱ्याला कळत नाही. त्यामुळे प्रत्येकजण ते काम दुसऱ्याचे समजतो. नोंद आ मध्ये दोष, केलेली कृती आणि शिल्लक काम यांची विभागणी आहे. पुढच्या पाळीचा कर्मचारी ती वाचून काम तेथूनच पुढे नेऊ शकतो.

५.२.५ सार्वजनिक सूचना

‘विमानतळ परिक्षेत्रात कचरा निक्षेपित करणे निषिद्ध असून कसूर करणाऱ्यांवर नियमानुसार कारवाई करण्यात येईल.’ ही भाषा रूढ असली तरी ती गावकऱ्याला कारण सांगत नाही. तीच सूचना अशी लिहिता येईल :

‘मेलेली जनावरे, मांसाचे तुकडे किंवा कचरा उघड्यावर टाकू नका. त्यावर घारी येतात. घार विमानाच्या इंजिनात गेली तर इंजिन बंद पडू शकते. मेलेले जनावर दिसल्यास ग्रामपंचायत कार्यालयास लगेच कळवा.’

कारण समजले की नियम पाळणे सोपे जाते. शिवाय येथे नागरिकाला काय करू नये, याबरोबरच काय करावे हेही सांगितले आहे.

स्वयं-अध्ययन प्रश्न २ : ‘कुंपण नादुरुस्त असल्याचे दिसून येते’ ही नोंद सुधारून लिहा.

५.३ सारांश

लहान विमानतळाची सुरक्षा केवळ यंत्रसामग्रीवर अवलंबून नसते. धोके ओळखणे, जोखीम ठरवणे, विमानाच्या प्रकारानुसार तयारी करणे आणि परिसरातील जमिनीच्या वापरावर लक्ष ठेवणे ही तिची अंगे आहेत. या सर्वांना जोडणारा धागा म्हणजे नोंद आणि सूचना. म्हणून अचूक मराठी हे येथे सुरक्षेचे साधन ठरते.

५.४ स्वयं-अध्ययन प्रश्नांची उत्तरे

१. भगदाड हा धोका आहे. त्यातून जनावर धावपट्टीवर येण्याची शक्यता आणि संभाव्य हानीची तीव्रता यांचा एकत्रित विचार केल्यावर जोखीम ठरते.
२. उत्तरात जागा, भगदाडाचा आकार, वेळ, कोणास कळवले, तात्पुरता उपाय, दुरुस्तीची जबाबदारी व मुदत यांचा उल्लेख असावा.

५.५ क्षेत्रीय कार्य

आपल्या परिसरातील बसस्थानक, रेल्वे स्थानक किंवा पाणीपुरवठा केंद्र येथील एक सुरक्षाविषयक सूचना उतरवून घ्या. ती कोणासाठी आहे आणि त्या व्यक्तीला ती कळेल काय, याचे परीक्षण करून सुधारित मसुदा तयार करा.