किक्किस आणि व्रणवस्तु : प्रसवोत्तर त्वग्वैरूप्याचा चिकित्साविचार

बाळाचे उष्टावण आटोपले की माता प्रथमच स्वतःच्या शरीराकडे पाहू लागते. तोवर तिला सवड नसते. आमच्या लालबागच्या चिकित्सालयात या सुमारास येणाऱ्या स्त्रिया आधी केस गळण्याविषयी बोलतात, मग कंबरदुखीविषयी, आणि उठता उठता, सासूबाई बाहेर बाकावर बसल्या आहेत याची खात्री करून, हळूच विचारतात, "डॉक्टर, पोटावरच्या रेघा जातील का हो?" सिझेरियन झालेले असेल तर टाक्यांच्या वणाविषयीचा प्रश्नही याच वेळी येतो. गिरगाव-दादरकडील औषधालयांतही हाच प्रश्न विचारला जातो आणि तेथे त्याचे उत्तर बहुधा एखाद्या बाटलीच्या रूपाने दिले जाते. या प्रश्नाला शास्त्राधारे काय उत्तर द्यावे, आणि त्याआडून येणाऱ्या कोणत्या लक्षणाकडे दुर्लक्ष होऊ नये, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संहितोक्त विचार

चरकसंहितेत शारीरस्थानाच्या आठव्या, जातिसूत्रीय अध्यायात मासानुमासिक परिचर्येच्या ओघात सातव्या महिन्याचा विशेष म्हणून किक्किसाचे वर्णन येते. गर्भाला केस फुटू लागले की मातेच्या अंगी विदाह होतो, असे स्त्रिया म्हणतात. भगवान आत्रेय ते मत नाकारतात. गर्भाच्या उत्पीडनाने वात, पित्त व कफ उरःप्रदेशी येऊन विदाह उत्पन्न करतात, विदाहातून कंडू व कंडूतून किक्किस, असा संप्राप्तीचा क्रम ते सांगतात. चक्रपाणींनी किक्किसाचा अर्थ चर्मविदारण असा केला आहे. अष्टांगहृदयातही शारीरस्थानाच्या पहिल्या अध्यायात हाच विषय संक्षेपाने येतो.

आत्रेयांनी नाकारलेले ते मत आमच्या चाळींतून अद्याप नाहीसे झालेले नाही. गर्भिणीच्या छातीत जळजळू लागले की "बाळाला जावळ दाट असणार" असे शेजारीण सांगतेच. गंमत अशी की, २००६ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथील संशोधकांनी ६४ गर्भिणींवर केलेल्या छोट्या अभ्यासात जळजळीची तीव्रता व नवजात बालकाचे केस यांचा काही संबंध दिसून आला. म्हणून केस हेच जळजळीचे कारण ठरत नाही. दोहोंच्या मुळाशी गर्भावस्थेतील अंतःस्राव असावेत, असा त्या संशोधकांचा तर्क होता. आत्रेयांचा आक्षेप कारणमीमांसेवर होता आणि तो अबाधितच राहतो.

आधुनिक दृष्टीने या रेघा बाह्यत्वचेच्या नसून तिच्याखालील स्तराच्या असतात. ताण व गर्भावस्थेतील अंतःस्राव यांच्या योगाने तेथील लवचीक तंतूंचे जाळे विस्कटते. कमी वय, मातेला वा बहिणीला रेघा असणे, गर्भावस्थेत वजन अधिक वाढणे व गर्भ मोठा असणे ही कारणे सामान्यतः मानली जातात. खाजविल्याने रेघा उमटतात असे आधुनिक शास्त्र मानत नाही, आणि या ठिकाणी संहितेचे वचन व आजचे ज्ञान यांत अंतर आहे हे मान्य करण्यात आम्हांस संकोच वाटत नाही. तथापि कंडू व किक्किस एकाच जागी एकाच काळी दिसतात हे निरीक्षण खोटे नाही. प्रथम गर्भारपणाच्या अखेरीस उठणारा एक खाजरा पुरळ तर या रेघांतूनच सुरू होतो आणि बेंबीभोवतीची जागा मात्र मोकळी सोडतो. शिवाय आपल्याकडील सावळ्या त्वचेवर नखांचे ओरखडे दीर्घकाळ काळे डाग ठेवून जातात. त्वचेचा भेद व वैरूप्य टळावे म्हणून कंडूयन करू नये, असह्य झाल्यास केवळ मर्दन-घर्षण करावे, हा चरकांचा उपदेश म्हणूनच आजही जसाच्या तसा द्यावा.

कंडू म्हणजे नेहमी किक्किस नव्हे

येथे आमच्या हातून घडलेली एक चूक सांगणे आवश्यक वाटते. काही वर्षांपूर्वी आठवा महिना चालू असलेली एक गर्भिणी खाजेची तक्रार घेऊन आली. पोटावर रेघा स्पष्ट होत्या. संहितेतील वर्णन समोर उभे राहिल्यासारखे वाटले आणि आम्ही चंदनाचा लेप व पथ्य सांगून तिला परत पाठविले. सहाव्या दिवशी ती पुन्हा आली. रात्रभर झोप नव्हती. तेव्हा आम्ही प्रथमच विचारले की खाज नेमकी कोठे आहे. तिने दोन्ही तळहात पुढे केले. तळपायांनाही तशीच खाज होती आणि अंगावर पुरळ कोठेच नव्हता. मूत्राचा रंग गडद झाल्याचेही तिने विचारल्यावरच सांगितले. तिला त्याच दिवशी प्रसूतितज्ज्ञांकडे पाठविले. रक्तात पित्ताम्ले बरीच वाढलेली आढळली. पुढे देखरेखीखाली प्रसूती होऊन माता व बालक सुखरूप राहिले, परंतु ते सहा दिवस आमच्या हिशेबी जमा आहेत.

गर्भावस्थेतील यकृतगत पित्तावरोध तो हाच. उत्तरार्धात होणारी, पुरळाविना येणारी, तळहात-तळपायांवर विशेष असणारी व रात्री वाढणारी खाज हे त्याचे लक्षण. पित्ताम्लांचे प्रमाण लिटरमागे १०० मायक्रोमोल वा अधिक झाल्यास मृतगर्भ जन्मण्याचा धोका वाढतो, असे २०१९ साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालेल्या विस्तृत विश्लेषणात दिसून आले. लेप लावून घरी पाठविण्याजोगा हा व्याधी नव्हे. आता खाजेची तक्रार करणाऱ्या प्रत्येक गर्भिणीचे तळवे आम्ही पाहतो, निद्रा व मलमूत्राचा वर्ण विचारतो आणि किंचितही शंका आल्यास यकृताच्या तपासणीसह पित्ताम्लांची तपासणी त्याच दिवशी करवून घेतो. औषधालयाच्या फळीवर उभ्या असलेल्या बंधूंनीही "गरोदर आहे, खाज येते, काहीतरी मलम द्या" या मागणीवर एवढा एक प्रश्न अवश्य विचारावा.

गर्भिणीतील उपचार

निदान निश्चित झाल्यावर चरकोक्त उपचारांतील सौम्य योग निवडावेत. मधुर द्रव्यांनी सिद्ध केलेले लोणी बोराच्या काढ्यासह पाणितल म्हणजे कर्षभर मात्रेत पोटात देण्यास सांगितले आहे. अग्नी मंद असेल तर आम्ही निम्म्याने प्रारंभ करतो. बाह्यतः चंदन व मृणाल यांचा कल्क स्तन व उदर यांवर लावावा. मालती व ज्येष्ठमध यांनी सिद्ध केलेल्या जलाचे परिषेचन मुंबईच्या दमट हवेत, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात, लेपापेक्षाही सुखावह ठरते. शतधौत घृत संहितेतील या प्रसंगी आलेले नसले तरी विदाह व कंडू यांवर त्याचा बाह्य उपयोग आम्हांस समाधानकारक वाटला आहे.

लेपाच्या बाबतीत सुश्रुतांचे नियम आपण शिकतो आणि व्यवहारात विसरतो. लेप लोमांच्या विरुद्ध दिशेने लावावा, वाळू लागताच काढावा, रात्री लावू नये. वाळलेला चंदनलेप पोटावर ताण आणतो आणि खाज वाढवितो. "लेपाने आग होते" ही तक्रार बहुधा द्रव्याची नसून वाळल्याची असते.

कण्हेरीच्या पानांनी सिद्ध केलेले तेलही चरकांनी येथे सांगितले आहे. कण्हेर ही औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमांच्या अनुसूची ई (१) मधील विषद्रव्यांत येते. ओरखडलेल्या त्वचेवर, तेही गर्भिणीत आणि स्तनांजवळ, ते तेल आम्ही वापरत नाही व इतरांनीही वापरू नये असे आमचे मत आहे. हरिण व सशाच्या रक्ताचा योग तर आता विचाराबाहेरचाच.

आहार मधुर, वातहर, अल्पस्नेह व अल्पलवण असावा असे वचन आहे. येथे एक सूचना करावीशी वाटते. मधुर रस म्हणजे साखर नव्हे. गर्भावस्थेतील मधुमेह आढळलेल्या स्त्रीला घरची मंडळी शास्त्राच्या नावाने शिरा व पेढे खाऊ घालतात आणि दोष आयुर्वेदाच्या माथी येतो. जुने तांदूळ, मूग, दूध हेही मधुरच आहेत. त्यांचीही मात्रा रक्तातील साखर पाहूनच ठरवावी.

प्रसूतीनंतर काय सांगावे

नव्या रेघा तांबूस वा जांभळट असतात. काही महिन्यांनी त्या फिकट, चकचकीत व किंचित खोल होतात. पहिल्या अवस्थेत उपचारास थोडा वाव असतो, दुसरीत अत्यल्प. २०१२ साली कोक्रेन संस्थेच्या समीक्षेत रेघा टाळण्यासाठी लावावयाच्या निरनिराळ्या मलमांच्या व तेलांच्या सहा चाचण्या, मिळून ८०० स्त्रिया, तपासण्यात आल्या. त्यांमुळे रेघा टळतात असा खात्रीलायक पुरावा मिळाला नाही. हा निष्कर्ष आपल्या तेलांनाही विचार करावयास लावणारा आहे. बला तैल वा साधे तीळतेल यांच्या अभ्यंगाने त्वचेचे रौक्ष्य व कंडू कमी होतात, स्पर्श मऊ होतो, स्त्रीला बरे वाटते. एवढे आम्ही छातीठोकपणे सांगतो. रेघा पुसल्या जातील असे सांगत नाही. काळाने त्या फिकटतात, आणि त्या फिकटण्याचे श्रेय तेलाने घेऊ नये.

सुश्रुतांनी सूत्रस्थानाच्या एकविसाव्या अध्यायात व्रण शब्दाची जी निरुक्ती दिली आहे ती या संदर्भात मननीय आहे. व्रण भरून आला तरी त्याचे वस्तु, म्हणजे खूण, देह असेतोवर नष्ट होत नाही म्हणून तो व्रण, असे ते म्हणतात. ज्यांनी वैकृतापह हा सातवा उपक्रम सांगितला आणि साठ उपक्रमांत पांडुकर्म, कृष्णकर्म यांची गणना केली, त्याच आचार्यांचे हे विधान आहे. वर्ण सुधारता येतो, खूण राहते. आमच्या अनुभवात हे स्पष्ट शब्दांत ऐकल्यावर बहुतेक स्त्रिया निराश होत नाहीत, उलट सुटल्यासारख्या हसतात. एकीने सांगितले की तिने तोवर तीन तेलांवर महिन्याच्या किराण्याएवढे पैसे घालविले होते आणि घरी ते कोणास ठाऊक नव्हते.

सिझेरियनचा वण

येथे अधिक लक्ष द्यावे लागते. वाग्भटांनी शस्त्रकर्मविधीत व्रण रूढ झाल्यावरही अजीर्ण, व्यायाम, व्यवाय आदी वर्ज्य करून सहा वा सात महिने आदराने नियम पाळावेत असे म्हटले आहे. वरून भरलेली जखम आत अनेक महिने पक्व होत असते, हे आजचे शास्त्रही सांगते. परळला गिरणी कामगार स्त्रियांसाठी नवरोजी वाडिया प्रसूतिगृह १९२६ मध्ये उभे राहिले, मुंबई प्रांताचा प्रसूतिलाभ कायदा १९२९ मध्ये झाला. पण सव्वीस आठवड्यांच्या सवेतन रजेची तरतूद होण्यास २०१७ साल उजाडले. म्हणजे वाग्भटांचे सहा महिने कायद्यात आले, परंतु घरकाम करणाऱ्या व खानावळीचे डबे करणाऱ्या आमच्या रुग्णांना ती रजा नाही. दीड महिन्यात भरलेली कळशी उचलणाऱ्या स्त्रीला वणाचे पथ्य सांगताना तिच्या घरी पाणी कोण भरते हे आधी विचारावे.

मालिशवाल्या बाईस हातापायांचे अभ्यंग करू द्यावे. उदराला हात शल्यतज्ज्ञांच्या अनुमतीशिवाय लावू नये. जखम ओली असताना शेक व धुरी तिच्याजवळ नेऊ नये. सूतिकेचे उदर वस्त्राने वेष्टित करण्याचा चरकोक्त विधी सिझेरियननंतर सैल स्वरूपातच योजावा. करकचून बांधलेल्या पट्ट्याखाली घाम साचून वण चिघळलेले आम्ही पाहिले आहेत. वण पूर्ण कोरडा व दृढ झाल्यावर, साधारण दोन महिन्यांनंतर, बोटांच्या टोकांनी तेल लावून त्वचा सर्व दिशांना हलकेच सरकवावी, दिवसातून दोनदा, पाच मिनिटे. जात्यादि तैल व्रणरोपणासाठी आहे. त्यात तुत्थ असते. रूढ वणावर ते महिनोन्महिने चोळण्यात आम्हांस अर्थ दिसत नाही.

वण उंचावला तर तो जखमेच्या सीमेतच आहे की बाहेर पसरत आहे ते पाहावे. पसरणाऱ्या वणास छेद देण्याचा वा दाह करण्याचा मोह टाळून त्वचातज्ज्ञांकडे पाठवावे. वणात गाठ लागत असून ती दर मासिक पाळीच्या वेळी दुखत असेल, तर गर्भाशयाच्या अंतःस्तराचे अंश तेथे रुजलेले असू शकतात. त्यावर लेप नव्हे, शल्यतज्ज्ञांचा सल्ला.

औषधालयांसाठी

क्लोबेटासोलसारखी तीव्र स्टिरॉइडे असलेली मिश्र मलमे खाजेवर सर्रास मागितली जातात. २०१८ मध्ये अशा चौदा स्टिरॉइड मलमांचा अनुसूची 'एच'मध्ये समावेश झाला. चिठ्ठीविना ती देता येत नाहीत. त्यांच्या दीर्घ वापराने त्वचा पातळ होऊन नव्या रेघा उमटतात, म्हणजे ज्या तक्रारीसाठी स्त्री येते तीच वाढते. रेटिनॉइड असलेली मलमे गर्भिणीस देऊच नयेत, आणि रेघांवर म्हणून सूतिका ती मागू लागल्यास दूध पाजते का हे विचारून तज्ज्ञांकडे पाठवावे.

शतधौत घृत करून विकणाऱ्यांनी ते थोड्या प्रमाणात करावे. धुतलेल्या तुपात पाणी राहते आणि आपल्या हवेत ते लवकर खवट होते. डबीवर तयार केल्याची तारीख व 'बाह्योपयोगार्थ' हे शब्द ठळक असावेत. गुलाबाच्या अत्तराने खवटपणा झाकलेली डबी आमच्याकडे एकदा रुग्णेने आणून दाखविली होती. वास छान होता, पोटावर मात्र पुरळ उठला होता.