काऊकॅचर : इंजिनापुढचा लोखंडी फाळ

वाफेच्या जुन्या इंजिनाच्या पुढच्या टोकाला, बफरच्या (धक्का झेलणाऱ्या दट्ट्यांच्या) खाली आणि रुळांपासून थोड्याच अंतरावर, लोखंडी दांड्यांची एक तिरपी जाळी बसवलेली असे. तिला काऊकॅचर म्हणत. आजच्या विजेच्या आणि डिझेलच्या इंजिनांवर तिच्या जागी जाड पोलादी पत्रा असतो आणि रेल्वेत त्याला कॅटल गार्ड म्हणतात. भिवंडी तालुक्यातील खारबाव हे वसई–दिवा मार्गावरचे स्थानक. मालगाड्यांची वर्दळ आणि भोवती भातशेती असल्यामुळे या साधनाचे काम समजून घ्यायला ही जागा सोयीची आहे. तेथील फलाटावर एक शिक्षक आणि त्यांची विद्यार्थिनी यांच्यात झालेला हा संवाद.

विद्यार्थिनी : सर, काऊकॅचर म्हणजे गाय पकडणारा. हे साधन खरोखर गाय पकडते का?

शिक्षक : नाही. ते जनावराला पकडत नाही आणि वाचवतही नाही. रुळावर आलेली वस्तू चाकाखाली जाऊ न देता बाजूला ढकलणे, एवढेच त्याचे काम. ते गाडीच्या रक्षणासाठी असते. अमेरिकेत रेल्वेची माणसे त्याला ‘पायलट’ म्हणत.

विद्यार्थिनी : इंजिन इतके जड असते. एका म्हशीने त्याचे काय बिघडणार?

शिक्षक : वजन जास्त असले तरी इंजिनाला रुळावर धरून ठेवणारा भाग फार लहान असतो. चाकाच्या आतल्या बाजूला जी उंच कड असते तिला फ्लँज म्हणतात. आपल्या ब्रॉडगेज गाड्यांच्या नव्या चाकावर ती साधारण २८.५ मिलिमीटर, म्हणजे जेमतेम तीन सेंटीमीटर असते. हाड, दगड किंवा ओंडका चाक आणि रूळ यांच्यामध्ये आला आणि चाक तेवढे उचलले गेले, तर कड रुळावर चढते आणि गाडी घसरते. सर्वांत पुढचे चाक अडथळ्यावर आधी पोचते. अनेक वाफेच्या इंजिनांत तिथे मोठ्या चालकचाकांपुढे लहान चाके असत आणि त्यांच्यावर भारही कमी असे. भार कमी म्हणजे चाक उचलले जायला सोपे.

विद्यार्थिनी : मग जाळी चाकांपुढे कशी काम करते?

शिक्षक : नांगराचा फाळ आठव. तो माती फोडतो आणि दोन्ही बाजूंना सारतो. जुने काऊकॅचर वरून पाहिले तर टोक पुढे असलेल्या पाचरीसारखे दिसते आणि बाजूने पाहिले तर खालून वर मागे झुकलेले असते. पाचरीमुळे धक्क्याचा काही भाग आडव्या दिशेला वळतो आणि वस्तू रुळांच्या बाहेर फेकली जाते. तिरप्या उतारामुळे ती खाली दाबली जात नाही, उलट थोडी उचलली जाऊन घरंगळते. सपाट, उभा पत्रा लावला असता तर जनावर पुढेच ढकलले गेले असते आणि शेवटी खाली सापडले असते.

विद्यार्थिनी : मग ती जाळी अगदी रुळाला टेकवून का लावत नाहीत? खाली काहीच शिरणार नाही.

शिक्षक : इंजिन स्प्रिंगांवर डोलते, रूळ काही ठिकाणी खचलेला असतो, सांध्यांवर आणि रूळ बदलण्याच्या जागी काही भाग वर आलेले असतात. जाळी टेकली तर तीच अडकून अपघात करेल. म्हणून थोडी फट ठेवावी लागते. शिवाय चाके झिजतात, कारखान्यात तासली जातात आणि त्यांचा व्यास कमी झाला की सगळे इंजिन खाली बसते. त्यामुळे कॅटल गार्डची उंची वेळोवेळी मोजून पुन्हा ठरवावी लागते. उरलेल्या फटीतून येणाऱ्या लहान दगडासाठी प्रत्येक रुळाच्या नेमके वर, चाकाच्या पुढे, आणखी एक छोटा पोलादी तुकडा असतो. त्याला रेल गार्ड म्हणतात.

विद्यार्थिनी : ही कल्पना पहिल्यांदा कुणाला सुचली?

शिक्षक : गणनयंत्रांसाठी प्रसिद्ध असलेले इंग्लंडचे चार्ल्स बॅबेज यांनी १८६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आत्मचरित्रात लिहिले आहे, की लिव्हरपूल–मँचेस्टर रेल्वे १८३० मध्ये सुरू झाली त्या काळात त्यांनी रुळावरची वस्तू झाडून टाकणारे साधन सुचवले होते. प्रत्यक्ष वापर अमेरिकेत रुजला. न्यू जर्सीतील कॅम्डेन अँड अँबॉय रेल्वेत आयझॅक ड्रिप्स या यंत्रज्ञाने ‘जॉन बुल’ या इंजिनाला पुढे लहान चाकांची जोडी आणि असे साधन जोडले. ते इंजिन इंग्लंडमध्ये स्टीफन्सन यांच्या कारखान्यात १८३१ मध्ये तयार झाले होते. आज ते वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

विद्यार्थिनी : इंजिन इंग्लंडचे, कल्पनाही इंग्रजांना सुचलेली. मग वापर अमेरिकेत का?

शिक्षक : कारण जमिनीत आहे. ब्रिटनमध्ये रेल्वेमार्गाला दोन्ही बाजूंनी कुंपण घालण्याचे बंधन १८४५ च्या कायद्याने कंपन्यांवर घातले. जनावर रुळावर येऊच नये, ही त्यांची रीत. अमेरिकेत मैलोन्‌मैल मोकळे माळ आणि त्यावर चरणारी गुरे होती. तिथे सगळीकडे कुंपण शक्य नव्हते, म्हणून संरक्षण इंजिनावरच बसवले.

विद्यार्थिनी : आपल्याकडे काय झाले?

शिक्षक : १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी धावली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तिची तीन इंजिने इंग्लंडहून आली होती. रेल्वेची घडण ब्रिटिश होती, पण तिचा मार्ग मात्र शेते, चराऊ राने आणि गावांमधून जाणारा होता. परिस्थिती अमेरिकेसारखी, इंजिने ब्रिटिश धर्तीची. म्हणून भारतात मधला मार्ग निघाला. बफर आणि डबे हाताने जोडण्याचे स्क्रू कपलिंग कायम राहिले. गाडी जोडताना माणसाला दोन बफरांच्या मध्ये जावे लागे, त्यामुळे अमेरिकेसारखी लांब पुढे आलेली जाळी अडचणीची ठरली असती. म्हणून आपल्याकडची जाळी आखूड आणि बफर बीमच्या, म्हणजे बफर बसवलेल्या आडव्या तुळईच्या, खाली राहिली. १९४७ मध्ये अमेरिकेच्या बाल्डविन कारखान्यातून डब्ल्यूपी वर्गाची पहिली इंजिने आली. गोलाकार निमुळते नाक ही त्यांची ओळख. त्यांच्याही पुढे बफरखाली काऊकॅचर होतेच.

विद्यार्थिनी : घाटात तर गुरे कमी, पण दरडी कोसळतात. तिथे याचा उपयोग होतो का?

शिक्षक : लहान दगड आणि मोडून पडलेल्या फांद्या ते बाजूला करते. १८६३ मध्ये खुला झालेल्या बोरघाटासारख्या मार्गावर ही मदत कामाची आहे. मोठी दरड मात्र याच्या आवाक्याबाहेर. तिथे डोंगराला जाळी मारणे, पावसाळ्यात गस्त घालणे आणि वेग कमी ठेवणे हेच उपाय.

विद्यार्थिनी : आता गाड्या आधुनिक झाल्या. तरी हा धोका शिल्लक आहे?

शिक्षक : वेग वाढला की धोकाही वाढतो. वेग दुप्पट झाला की धडकेतली ऊर्जा चौपट होते. ताशी १०० किलोमीटर वेगाची गाडी एका सेकंदात जवळजवळ २८ मीटर जाते. चालकाला जनावर दिसले तरी थांबायला वेळ पुरत नाही. स्कॉटलंडमध्ये ३० जुलै १९८४ रोजी पोलमाँटजवळ एडिंबरा–ग्लासगो गाडी एका गाईला धडकली. त्या गाडीला इंजिन मागून ढकलत होते आणि पुढे वजनाने हलका असा चालक-डबा होता. गाय चाकांखाली गेली, डबा घसरला आणि १३ माणसे मेली. त्यानंतर ब्रिटनमध्ये अशा चालक-डब्यांना अडथळा सारणारे मजबूत पत्रे बसवले गेले. जे साधन ब्रिटनने एकेकाळी अनावश्यक मानले, तेच तिथे दीडशे वर्षांनी लागले.

विद्यार्थिनी : आपल्या जवळचे एखादे उदाहरण?

शिक्षक : ६ ऑक्टोबर २०२२ रोजी मुंबई सेंट्रल–गांधीनगर वंदे भारत गाडी अहमदाबादजवळ म्हशींना धडकली. नाकाचा पत्रा तुटला, पण गाडी घसरली नाही. पुढे रेल्वेने मुंबई–अहमदाबाद मार्गाच्या कडेने धातूचे कुंपण उभारले. म्हणजे अमेरिकी आणि ब्रिटिश, दोन्ही रीती एकत्र आल्या : गाडीपुढे पत्रा आणि मार्गाकडेने कुंपण. खारबावहून येणारा मार्ग वसई रोडला याच मुख्य मार्गाला मिळतो.

विद्यार्थिनी : मग खारबावसारख्या गावाने काय करायचे?

शिक्षक : भातकापणी झाली की कोकणपट्टीत गुरे उनाड सोडण्याची जुनी रीत आहे. शेतात पीक नसते, त्यामुळे नुकसान नाही असे वाटते. पण रूळ बाराही महिने चालू असतो. मोकाट गुरांसाठी १८७१ च्या कायद्याने कोंडवाड्याची व्यवस्था आहे, आणि रेल्वेच्या हद्दीत परवानगीवाचून शिरणे १९८९ च्या रेल्वे कायद्यानुसार गुन्हा आहे. पण कायद्याआधी गोठ्यातले दावे आहे. जनावर बांधलेले असेल किंवा गुराख्यासोबत असेल, तर प्रश्नच उरत नाही.

विद्यार्थिनी : आणि कुणाला रुळावर जनावर दिसले तर?

शिक्षक : त्याला हाकलायला रुळावर धावू नये. गाडी किती जवळ आली आहे याचा अंदाज नेहमी चुकतो. जवळच्या स्थानकमास्तरला किंवा फाटकावरच्या गेटमनला लगेच कळवावे, नाहीतर रेल्वेच्या १३९ क्रमांकावर फोन करावा. वेळेत निरोप मिळाला तर येणारी गाडी सावध करता येते. इंजिनापुढचा पत्रा गाडी सांभाळतो. गुरे सांभाळण्याचे काम गावानेच करावे लागते.