जसा गळा, तशी तालीम

गायनाच्या तासाला पेटीवर एक स्वर वाजतो आणि सारा वर्ग त्या पट्टीत गाऊ लागतो. कोणाला तो स्वर सहज साधतो. कोणाला मान उंचावूनही गाठता येत नाही. यात त्या मुलाचा दोष नसतो. निसर्गाने प्रत्येकाला निराळा गळा दिला आहे.

म्हणून जाणता गुरू प्रथम शिष्याचा आवाज पारखतो. त्याला सोसेल असा षड्ज ठरवून तो तंबोरा लावतो आणि मगच तालीम देतो. दुसऱ्याच्या पट्टीत ओढूनताणून गायल्यास गळा दुखावतो.

धारवाड जिल्ह्यातील कुंदगोळचे सवाई गंधर्व हे असे थोर गुरू होते. गंगूबाई हनगल (१९१३–२००९) आणि भीमसेन जोशी (१९२२–२०११) हे दोघेही त्यांचेच शिष्य; परंतु दोघांचे गाणे वेगळे. गंगूबाईंचा आवाज आरंभी बारीक होता. पुढे घशावर उपचार झाले आणि तो जाड, पुरुषी वाटावा असा झाला. त्या खचल्या नाहीत. त्याच आवाजात त्यांनी धीरगंभीर आलापी फुलविली. २००२ साली त्यांना ‘पद्मविभूषण’ हा सन्मान लाभला.

मुलांनो, तुमच्या वयात आवाज बदलतो, घोगरा होतो. अशा वेळी लाजून गाणे सोडू नये. तार स्वरांचा हट्टही धरू नये. खालच्या पट्टीत हळुवार गात राहावे. विद्या गुरूची असते. गळा ज्याचा त्याचाच असतो.

स्वाध्याय
१. गुरू प्रथम शिष्याचा आवाज का पारखतो?
२. गंगूबाईंच्या कोणत्या गुणाचे तुम्हांस कौतुक वाटते? का?