दुग्धव्यवसायात ओझोन : प्रयोगशाळेतील अभ्यासाचा एक पाठ

निरोगी जनावराच्या कासेतून निघणाऱ्या दुधात जिवाणू फार थोडे असतात. त्यांची संख्या वाढते ती पुढे चरवी, गाळणी, कॅन, नळ्या व टाक्या यांच्या संपर्कात. पृष्ठभागावर राहिलेला दुधाचा पातळ थर जिवाणूंना अन्न व आसरा दोन्ही देतो. स्युडोमोनास गटातील काही जिवाणू थंड दुधातही वाढतात. पाश्चरीकरणात ते मरतात; पण त्यांनी निर्माण केलेली काही विकरे उष्णतेला दाद देत नाहीत आणि पुढे दूध व दुग्धपदार्थ बिघडवितात. उत्पादकाच्या श्रमाचे मोल अशा रीतीने भांड्यांच्या स्वच्छतेवर अवलंबून राहते. म्हणूनच गरम पाणी व क्लोरीन यांच्या जोडीने ओझोनचा अभ्यास विद्यार्थ्यांनी करावा, असा हा विषय आहे.

ओझोनच्या रेणूत प्राणवायूचे तीन अणू असतात. शोनबाईन यांनी १८४० मध्ये त्याची ओळख पटविली. फ्रान्समधील नीस शहरात १९०६ पासून पिण्याच्या पाण्याच्या शुद्धीकरणासाठी त्याचा वापर सुरू झाला आणि २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने अन्नप्रक्रियेत जंतुनाशक म्हणून त्यास मान्यता दिली. हा वायू जिवाणूच्या पेशीआवरणाचे ऑक्सिडीकरण करून ते भेदतो व अखेर त्याचे प्राणवायूत रूपांतर होते. तो अस्थिर असल्यामुळे साठविता येत नाही. विद्युत्-विसर्जनाने जागेवरच तयार करावा लागतो. थंड पाण्यात तो अधिक विरघळतो, हा त्याचा विशेष लाभ होय.

अमेरिकेतील क्लेम्सन विद्यापीठाचे काम येथे मार्गदर्शक ठरते. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात दुधातील जिवाणू बसविलेल्या स्टेनलेस स्टीलच्या पट्ट्यांवर दशलक्ष भागांत ०.५ भाग ओझोन असलेले पाणी १० मिनिटे वापरण्यात आले. तुलनेसाठी १०० भाग क्लोरीनचे द्रावण २ मिनिटे. दोन्हींनी जिवाणूसंख्या ९९ टक्क्यांहून अधिक घटली. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तापविलेल्या पट्ट्यांवरील दुधाचा मळ १० अंश सेल्सिअसच्या ओझोनयुक्त पाण्याने ८४ टक्के निघाला, तर ४० अंशांच्या साध्या पाण्याने ५१ टक्के.

हे आकडे उत्साहवर्धक आहेत. तथापि त्यांचा अर्थ जपून लावावा. प्रारंभी एक कोटी जिवाणू असतील, तर ९९ टक्के घट होऊनही एक लाख उरतात. म्हणून टक्केवारीबरोबर उरलेली संख्याही नोंदवावी. दुसरे असे की, ओझोन जिवाणू व दूध असा भेद करीत नाही. केसीन व स्निग्धांश त्याला आधीच खर्ची पाडतात आणि जिवाणूंना संरक्षण देतात. शुद्ध पाण्यातील यश दुधाळ भांड्यात तसेच मिळेल, असे गृहीत धरता येत नाही.

यास्तव प्रयोगाची आखणी अशी असावी : पट्ट्यांचा एक गट स्वच्छ व दुसरा दुधाचा थर असलेला घ्यावा, दोहोंवर सारखेच जिवाणू बसवावेत. प्रत्येक गटात साधे पाणी, क्लोरीन व ओझोन यांची तुलना करावी. ओझोनचे प्रमाण आरंभी व अखेरीस मोजावे. ठरलेली वेळ संपताच सोडियम थायोसल्फेटने उरलेला ओझोन व क्लोरीन निष्प्रभ करावा; अन्यथा जंतुनाशकाची क्रिया चालूच राहून निष्कर्ष चुकतो. थायोसल्फेट स्वतः जिवाणूंना मारत नाही, याचीही स्वतंत्र खातरजमा करावी. प्रत्येक प्रयोग निदान तीन वेळा करावा.

ओझोन श्वसनमार्गास अपायकारक आहे. अमेरिकेत कामाच्या जागी आठ तासांसाठी हवेतील मर्यादा दशलक्षात ०.१ भाग ठरविलेली आहे. म्हणून वायू बाहेर खेचणाऱ्या कपाटातच काम करावे. नैसर्गिक रबराच्या वाहिन्यांना त्यामुळे भेगा पडतात, हेही ध्यानी घ्यावे.

ओझोन हा पाश्चरीकरणाचा पर्याय नव्हे; थेट दुधात सोडल्यास स्निग्धांशाचे ऑक्सिडीकरण होऊन चव बिघडू शकते. त्याचे खरे स्थान धुतलेल्या भांड्यावर आहे. आधी मळ काढावा, मग जंतू मारावेत, हा जुना नियम ओझोनच्या बाबतीतही तितकाच खरा आहे.