सरकत्या जमिनीवरचं गाव

'व्हिलेज' म्हटलं की माझ्यासारख्या कॉन्व्हेंटवालीच्या डोळ्यांसमोर पाठ्यपुस्तकातलं एकच चित्र यायचं. गवताने शाकारलेली छपरं, हिरवी कुरणं, मेंढ्या आणि मागे चर्चचा मनोरा. (माझं मराठी अजून 'अंडर कन्स्ट्रक्शन' आहे, चुकलं तर सांभाळून घ्या!) हे चित्र मोडलं ते सेमिनारसाठी विषय शोधताना. सर म्हणाले, "एखाद्या जुन्या पुलावर कर." पूल शोधता शोधता इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातलं एक अख्खं गाव सापडलं. त्याचं नावच पुलावरून पडलंय, आयर्नब्रिज.

आधी थोडा भूगोल. सेव्हर्न नदीच्या वरच्या भागातलं पाणी पूर्वी उत्तरेकडे जायचं. शेवटच्या हिमयुगात बर्फाने ती वाट अडवली आणि पाण्याने टेकड्या कापत दक्षिणेकडे नवा रस्ता काढला. त्यातून ही अरुंद, खोल घळई तयार झाली. कापलेल्या काठांत चुनखडी, दगडी कोळसा, लोहखनिज आणि चिकणमाती सगळं उघडं पडलं आणि माल न्यायला खाली नदी होतीच. म्हणजे रॉ मटेरियल आणि ट्रान्सपोर्ट एकाच जागी! पण भूगर्भाच्या हिशोबात ही घळई अजून पोरसवदा आहे. तिचे उतार पुरते स्थिरावलेले नाहीत. काठ हळूहळू नदीकडे सरकत असतात. हे लक्षात ठेवलं की इथल्या जुन्या इमारती वाचता येतात.

जवळच्याच कोलब्रुकडेलमध्ये एक जुनी भट्टी जपून ठेवली आहे. १७०९ मध्ये पहिल्या अब्राहम डार्बीने लाकडी कोळशाऐवजी कोक वापरून इथे लोखंड काढलं. पुढे त्याच्या नातवाने, तिसऱ्या अब्राहम डार्बीने, हीच भट्टी वाढवली. तिच्या तुळईवर त्याचं नाव आणि १७७७ हे साल आहे.

त्याच काळात पुलाचं काम सुरू झालं. नदीत होड्यांची इतकी ये-जा होती, की मधे खांब नको होता. म्हणून आर्किटेक्ट थॉमस प्रिचर्डने एकाच कमानीचा लोखंडी पूल सुचवला. काम सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत, डिसेंबर १७७७ मध्ये, तो वारला. १७७९ मध्ये कमान उभी राहिली, १ जानेवारी १७८१ ला पूल खुला झाला. गाळा सुमारे ३०.६ मीटर, लोखंड सुमारे ३७८ टन. अंदाजपत्रकापेक्षा होणारा जादा खर्च डार्बीने स्वतःच्या अंगावर घेतला होता. तो कर्जात बुडाला आणि चाळिशीही न गाठता १७८९ मध्ये गेला.

आता गंमत बघा. एवढा मोठा लोखंडी पूल यापूर्वी कोणी बांधलाच नव्हता, मग जोड कसे द्यायचे? त्यांनी सुतारकामातले जोड उचलले! डव्हटेल, मॉर्टिस-टेनन, पाचरा. फर्स्ट इयरला वर्कशॉपमध्ये आपण घासून घासून रडलो तेच जॉब, फक्त बिडाच्या लोखंडात.

बीड म्हणजे काय ते आजीच्या बिडाच्या तव्यावरून कळतं. वर कितीही वजन ठेवा, हूं की चूं करणार नाही. हातातून पडला की तडकला! दाब सोसतो, ताण सोसत नाही. कमानीत मुख्यतः दाबच असतो, म्हणून पूल टिकला. १७९५ च्या महापुरात सेव्हर्नवरच्या अनेक पुलांचं नुकसान झालं, हा मात्र शाबूत राहिला. पण पुराला न हटलेला पूल जमिनीने दाबायला घेतला. सरकत्या काठांमुळे दक्षिणेकडच्या दगडी बांधकामाला तडे गेले. १८०२ मध्ये ते काढून लाकडी कमानी बसवल्या, पुढे त्या जागी लोखंडी आल्या. १९३४ मध्ये वाहनं बंद झाली. शेवटी १९७० च्या दशकात नदीच्या तळाशी दोन्ही काठांच्या मधे काँक्रीटचा आधार घातला, तेव्हा कुठे ते आवळणं थांबलं.

मला सगळ्यात आवडलं ते टेकडीवरचं सेंट ल्यूक चर्च, १८३७ चं. शाळेत सिस्टरनी शिकवलं होतं की जुन्या चर्चमध्ये वेदी पूर्वेला असते, मनोरा बहुधा पश्चिमेला. इथे बरोब्बर उलटं! पश्चिमेकडची जमीन मनोऱ्याचं वजन पेलणार नव्हती. मग मनोरा पूर्वेला नेला आणि वेदी पश्चिमेला. शेकडो वर्षांची रीत त्यांनी मातीसाठी बदलली. आणि माती काय करू शकते ते नदीच्या खालच्या अंगाला, जॅकफील्डला, १९५२ मध्ये दिसलं. उतार सरकला आणि दोन डझनांहून जास्त घरं गेली.

हे वाचताना मला आमचा सर्व्हे कॅम्प आठवला. क्लोजिंग एरर काही केल्या बसेना. ऊन रणरणतं होतं, पुन्हा टेकडीवर जायचा कंटाळा. मग आम्ही झाडाखाली बसून फील्डबुकात आकडे 'बसवले'. सही झाली, मार्कही मिळाले. त्या वेळी मलाही त्यात काही वाटलं नाही. पण त्या चर्चवाल्यांनी माती ऐकून वेदी फिरवली आणि आम्ही एका लेव्हलसाठी टेकडी चढलो नाही! आमच्या आकड्यांवर उद्या कोणी घर बांधणार नव्हतं, हे आमचं नशीब. त्या घरात राहणाऱ्यांचंही.

पुढच्या महिन्यात पुन्हा कॅम्प आहे. माझ्या बॅचवाल्यांनो, आत्ताच सांगून ठेवते, या वेळी रीडिंग चुकलं तर आपण परत जायचं. स्टाफ मी धरते. पाण्याच्या बाटल्या तेवढ्या तुम्ही घ्या.