कुरकुरणारी लाकडी जमीन : स्क्रू मारण्याआधी कारण शोधा



"सर, सुतारकाम येतं, हत्यारं आहेत, पण फर्निचर लोक आता रेडिमेड घेतात. मी दुसरं काय करू?" हा प्रश्न मला नेहमी येतो. आज त्याचं एक उत्तर देतो : लाकडी जमिनीची आणि जिन्याची दुरुस्ती.

पुण्या-नाशिकच्या वाड्यांमधली माडी, मुंबईच्या जुन्या चाळींचे जिने, कोकणातल्या घरांचे माळे आणि नव्या फ्लॅटच्या बेडरूममधलं लॅमिनेट. चारही ठिकाणी तक्रार एकच असते : "पाय ठेवला की करकर वाजतं हो!" नवीन फ्लोअरिंग बसवून देणारे पुष्कळ भेटतात. पण चार फळ्यांची कुरकुर थांबवायला माणूस मिळत नाही, कारण काम छोटं वाटतं. तुम्हाला संधी तिथेच आहे. मात्र हे काम शिकण्याआधी माझी एक चूक ऐका.

माझी चूक

ट्रेनिंगच्या क्षेत्रात येण्याआधी मी काही वर्षं सुतारकामाची छोटी कामं घ्यायचो. एका जुन्या वाड्यात माडीवरची खोली वाजत होती. घरात आजी आणि त्यांचा नातू. मी काय केलं? जिथे आवाज येईल तिथे स्क्रू मारत गेलो. दोन तासांत आवाज बंद. आजींनी चहा दिला, पैसे मोजून दिले, मी खूश.

पावसाळ्यात आजींचा फोन आला. "अरे, परत वाजतंय. आणि आता फळी खाली दबते." गेलो आणि पहिल्यांदाच खालच्या खोलीतून वर बघितलं. पन्हाळीचं पाणी भिंतीत मुरत होतं आणि भिंतीत बसवलेलं कडीचं टोक कुजलं होतं. माझे स्क्रू त्याच कुजक्या लाकडात होते. वर नातू खेळायचा. काही अघटित घडलं नाही, हे आमचं सगळ्यांचं नशीब. मी पैसे परत केले आणि घरमालकाला इंजिनिअर बोलवायला लावला.

तेव्हापासून माझा नियम आहे. ग्राहक आवाजाची तक्रार करतो, पण आपण आधी कारण शोधायचं आणि मगच स्क्रू उचलायचा.

जमीन वाजते का?

लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. पावसाळ्यात फळी रुंदीत फुगते, कोरड्या दिवसांत आकसते. लांबीत फरक जवळजवळ पडत नाही. खिळा मात्र आहे तेवढाच राहतो. वर्षानुवर्षं असं झालं की खिळ्याचं भोक सैल होतं. पाय पडला की फळी खाली जाते आणि खिळ्याला, शेजारच्या फळीला किंवा खालच्या कडीला घासते. हे घासणं म्हणजेच आपल्याला ऐकू येणारी करकर.

लॅमिनेटचं गणित वेगळं आहे. त्याच्या पट्ट्या एकमेकींत अडकवलेल्या असतात, पण खालच्या फरशीला चिकटवलेल्या नसतात. खालची फरशी उंचसखल असेल, भिंतीकडे फुगायला जागा सोडली नसेल किंवा खाली फोमचे दोन-दोन थर घातले असतील, तर पट्ट्या हलतात आणि जोड वाजतात.

आधी अर्धा तास तपासणी

1. घरातल्या एकाला सावकाश चालायला सांगा. आवाज येईल तिथे खडूने खूण करा.
2. शक्य असेल तर खालच्या मजल्यावरून बघा. फळी आणि कडी यांच्यात फट दिसते का? कडी खाली झुकली आहे का?
3. कडीत पेचकस टोचून बघा, विशेषतः भिंतीजवळच्या टोकाला. पेचकस सहज आत गेला तर लाकूड कुजलं आहे.
4. वाळवीच्या मातीच्या नळ्या किंवा पिठासारखा बारीक भुसा पडतोय का ते पाहा.
5. पाण्याचा माग काढा. शेजारी बाथरूम आहे का? पन्हाळ, खिडकी, एसीची नळी कुठे गळते?
6. लॅमिनेट असेल तर 2 मीटर लांब सरळ पट्टी जमिनीवर ठेवा. पट्टीखाली 3 मिमीपेक्षा जास्त फट दिसली तर दोष बहुतेक खालच्या फरशीत आहे.

सगळं मोबाइलवर फोटो काढून ठेवा. ग्राहकाला फोटो दाखवून बोललं की अर्धं काम सोपं होतं.

कारणाप्रमाणे उपाय

*फळीला फळी घासते :* फटीत टॅल्कम पावडर किंवा ग्राफाइट पावडर भरा आणि फळीवर चार वेळा चाला. हा तात्पुरता उपाय आहे, हे ग्राहकाला आधीच सांगा. तेल मात्र ओतू नका. डाग पडतात, धूळ चिकटते आणि पुढे पॉलिश धरत नाही.

*खिळा सैल झालाय :* तोच खिळा पुन्हा ठोकू नका, भोक आणखी सैल होईल. बाजूला स्क्रूपेक्षा बारीक भोक पाडा आणि स्क्रू खालच्या कडीत जाईल असा मारा. स्क्रूची लांबी फळीच्या जाडीच्या साधारण अडीच पट घ्या. म्हणजे 20 मिमी फळीला 50 मिमी स्क्रू. डोकं आत बसवून वर लाकडी गुटली किंवा फिलर भरा. भोक न पाडता जुन्या सागवानात स्क्रू घुसवला तर फळी चिरते. आणि हो, खालून वायर गेली नाही ना, हे पाहिल्याशिवाय ड्रिल चालू करू नका.

*फळी आणि कडीत फट आहे :* खालून पातळ लाकडी पाचर फेविकॉल लावून हलक्या हाताने सरकवा. जोरात ठोकलीत तर फळी वर उचलली जाईल आणि नवीन आवाज सुरू होईल.

*जिन्याची पायरी वाजते :* पायरीची आडवी फळी आणि उभी फळी जिथे मिळतात तिथे जिन्याच्या खालून छोटा ठोकळा फेविकॉल आणि स्क्रूने बसवा.

*लॅमिनेट वाजतं :* वरून स्क्रू अजिबात मारू नका, पट्ट्यांना हलायला जागाच राहणार नाही. स्कर्टिंग काढा आणि भिंतीजवळ 8 ते 10 मिमी मोकळी जागा आहे का बघा. नसेल तर कडेच्या पट्ट्या कापा. फरशी उंचसखल असेल तर पट्ट्या काढून फरशी समतल करा, फोमचा एकच थर घाला आणि पट्ट्या परत बसवा.

इथे हात थांबवा

कडी कुजली आहे, तुळई झुकली आहे, वाळवी आत शिरली आहे, भिंत ओली आहे, यापैकी काहीही दिसलं तर काम घेऊ नका. ते काम स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. त्या खोलीत गर्दी करू नका, जड सामान हलवा, आणि शक्यतो खोली वापरूच नका, असं स्पष्ट सांगा. भाड्याचं घर असेल तर मालकाला लेखी कळवायला सांगा. मुंबई शहरातल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं मुंबई इमारत दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे. तिथल्या रहिवाशांनी मंडळालाही लेखी कळवावं.

काम सोडताना जीवावर येतं, मला माहीत आहे. पण "हे माझ्या हातातलं नाही" असं सांगणाऱ्या माणसाला लोक पुढच्या कामासाठी आठवणीने बोलावतात.

पुन्हा वाजू नये म्हणून

नवीन फळ्या किंवा लॅमिनेट आणलं की ज्या खोलीत बसवायचं तिथे किमान 48 तास ठेवा. ओल्या फरशीवर किंवा न वाळलेल्या कोब्यावर काम सुरू करू नका. आर्द्रता मोजायचं छोटं मीटर विकत घ्या, ते कामाला येतंच. लाकडात किती ओलावा चालतो हे हवामानाप्रमाणे बदलतं. भारतीय मानक ब्यूरोच्या आयएस 287 या मानकात त्यासाठी देशाचे हवामानानुसार विभाग केले आहेत. ग्राहकाला दोन गोष्टी सांगून ठेवा : लाकडी जमीन निथळत्या पोछ्याने पुसायची नाही आणि पावसाळ्याआधी पन्हाळी साफ करायच्या.

कोटेशन कसं द्यायचं?

आता पैशाचं बोलू. आकडे फक्त उदाहरणासाठी आहेत, तुमच्या गावाप्रमाणे बदला.

एका खोलीचं काम धरा. तुमची दिवसाची मजुरी 1,200, मदतनीस 700, सामान 400, प्रवास 200, हत्यारांची झीज आणि फोन 250. एकूण 2,750 रुपये. त्यावर 25 टक्के नफा धरला तर सुमारे 690 रुपये सुटतात. छान वाटतं ना?

पण पावसाळा संपला की तुम्हाला एकदा परत जायचंच आहे. तुमचा अर्धा दिवस 600 आणि प्रवास 200, असे 800 रुपये. ही फेरी धरली नाहीत तर नफा गेला आणि वर 110 रुपये खिशातून गेले. बऱ्याच नव्या लोकांचा धंदा अशाच न धरलेल्या फेरीत बसतो.

म्हणून खर्च 3,550 धरा, 25 टक्के जोडा आणि सुमारे 4,450 रुपये सांगा. कोटेशनमध्ये तीन ओळी वेगळ्या लिहा : तपासणी, दुरुस्ती, पावसाळ्यानंतरची एक भेट. तपासणीचे पैसे काम न घेताही मिळाले पाहिजेत. नाहीतर अर्धा तास फुकट गेला म्हणून धोक्याचं काम घ्यायचा मोह होतो. आणि "आयुष्यभर आवाज येणार नाही" अशी गॅरंटी देऊ नका. तुम्ही केलेल्या जोडाची हमी द्या.

या आठवड्याचा गृहपाठ

ओळखीच्या एका घरात किंवा चाळीत जा. फक्त तपासणी करा, दुरुस्ती नको. सहाही मुद्दे एका कागदावर लिहा आणि प्रत्येक खुणेपुढे कारण लिहा. कारण सापडलं नाही तर रिकामी जागा सोडा, अंदाज लिहू नका. असे पाच कागद झाले की पहिलं कोटेशन द्या.

आणि खालच्या मजल्यावरून वर बघायला विसरू नका. मी विसरलो होतो.

भेटूया पुढच्या लेखात.