शाळेची परसबाग : वाफा, वही आणि ताट

अकोला शहराच्या दक्षिणेस बार्शीटाकळी तालुका पसरला आहे. काळी जमीन, कपाशी, तूर आणि सोयाबीन ही येथील शेतीची ओळख. याच तालुक्यात महान येथे काटेपूर्णा नदीवर धरण असून त्याचे पाणी अकोला शहराची तहान भागविते. अशा या शेतीप्रधान भागातही अनेक शेतकरी कुटुंबांची भाजी आज आठवडी बाजारातून येते. पूर्वी वऱ्हाडात कपाशीच्या आणि ज्वारीच्या शेतात अंबाडी, चवळी, भेंडी, वाल यांच्या दोन-चार ओळी घरच्या स्त्रिया आवर्जून टाकीत. धुऱ्यावर काकडीचे आणि दोडक्याचे वेल असत. पिकांची रचना बदलली, तणनाशके आली आणि ही घरची भाजी मागे पडली. तिच्याबरोबर ती पिकविण्याचे ज्ञानही पुढच्या पिढीच्या हातून निसटू लागले आहे.

ही गोष्ट केवळ चवीची नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रातील सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या बालकांपैकी सुमारे ६९ टक्के बालकांत रक्तक्षय आढळला. १५ ते ४९ वयोगटातील स्त्रियांत हे प्रमाण ५४ टक्के होते. हीच बालके पुढे शाळेच्या पहिल्या वर्गात येऊन बसतात. त्यांच्या आहारात हिरवी भाजी कशी येईल, हा प्रश्न म्हणून शाळेचाही ठरतो.

जुना विचार, नवी गरज

शाळेत शेतीचे धडे असावेत, हा विचार महाराष्ट्राला नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात ग्रामीण शाळांतून शेतीचे प्राथमिक ज्ञान आणि आरोग्याचे धडे देण्याची मागणी केली होती. शाळेला जोडून लहानसे नमुना शेत असावे, असेही त्यांनी सुचविले होते. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्धा येथे भरलेल्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. डॉ. झाकीर हुसेन समितीने शिक्षणाचे माध्यम होऊ शकणाऱ्या उद्योगांत शेतीबरोबर फळे व भाजीपाल्याची बागही धरली. सेवाग्राम येथे २००५ मध्ये पुन्हा सुरू झालेल्या आनंद निकेतन विद्यालयात ही परंपरा चालू आहे. विदर्भातील शिक्षकांना ती जवळ जाऊन पाहता येईल.

शाळेतील आहाराची राष्ट्रीय योजना १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू झाली. पुढे तिला शिजविलेल्या अन्नाचे रूप आले आणि २०२१ पासून ती प्रधानमंत्री पोषण शक्ती निर्माण या नावाने ओळखली जाते. केंद्र शासनाने २०१९ मध्ये शालेय पोषण परसबागांविषयी मार्गदर्शक सूचनाही काढल्या. विचार आणि योजना अशा दोन्ही बाजू उपलब्ध असताना प्रश्न उरतो तो गावपातळीवरील आखणीचा.

परसबागेकडून काय मागावे?

बहुतेक परसबागा अपेक्षांच्या ओझ्याखाली वाळतात. म्हणून आरंभी हिशेब मांडावा. समजा, एका गावात १०० मुलांची प्राथमिक शाळा आहे. आहाराच्या प्रमाणानुसार प्राथमिक वर्गातील मुलास दररोज ५० ग्रॅम भाजी हवी. उच्च प्राथमिक वर्गास हेच प्रमाण ७५ ग्रॅम आहे. म्हणजे या शाळेला दिवसाला ५ किलो भाजी लागेल. शाळेकडे एक गुंठा, म्हणजे सुमारे १०० चौरस मीटर जागा आहे. पाऊलवाटा आणि चर वगळता लागवडीस ६० चौरस मीटर उरतात. मेथीचे उत्पादन चौरस मीटरला पाऊण किलो धरले, तर एका पिकात ४५ किलो भाजी निघेल. शाळेची ही नऊ दिवसांची गरज होय.

यावरून दोन गोष्टी स्पष्ट होतात. पहिली ही, की एक गुंठ्याची बाग शाळेची वर्षाची भाजी पुरवू शकत नाही. तसे आश्वासन पालकांस देऊ नये. दुसरी ही, की हीच ४५ किलो भाजी दररोज एक किलो या प्रमाणात वरणात पडली, तर ४५ दिवस मुलांच्या ताटात स्वतः पिकविलेली हिरवी भाजी येते. त्यासाठी सर्व वाफे एकाच दिवशी न पेरता तीन-चार टप्प्यांनी पेरावेत. मुलाने स्वतः पेरलेली भाजी तो सहसा ताटाबाहेर काढीत नाही, हा परसबागेचा खरा लाभ आहे.

वऱ्हाडचे हवामान आणि बागेचे वर्ष

विदर्भातील शाळा जूनच्या अखेरीस उघडतात. तोवर पाऊस सुरू झालेला असतो. काळ्या जमिनीत पाणी साचते, म्हणून पावसाळ्यात गादीवाफे करावेत. जूनअखेर ते जुलैमध्ये भेंडी, चवळी, गवार, अंबाडी पेरावी. दोडका व वाल कुंपणावर चढवावेत. ऑक्टोबरनंतर सपाट वाफ्यांत मेथी, पालक, सांबार, मुळा आणि गाजर घ्यावे. शेवगा, कढीपत्ता, लिंबू आणि पपई यांना कडेची जागा द्यावी. पालेभाजीतील लोह शरीरात शोषले जाण्यास लिंबाच्या रसाची मदत होते, म्हणून लिंबाचे झाड शोभेचे समजू नये. जिल्ह्यातील खारपाणपट्ट्यात जेथे विहिरीचे पाणी खारे आहे, तेथे पालक व बीट ही तुलनेने खारेपणा सोसणारी पिके निवडावीत. वाणांविषयी अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाचा सल्ला घेता येतो.

मे महिन्यात पाणी कोण घालणार, या प्रश्नावर अनेक बागा बंद पडतात. उत्तर सोपे आहे : मे महिन्यात बाग हिरवी ठेवण्याचा हट्ट धरू नये. मार्चमध्ये चांगल्या शेंगा व फळे बियाण्यासाठी राखावीत, एप्रिलअखेर वाफे रिकामे करून जमीन उन्हात तापू द्यावी. कडेच्या झाडांपुरते पाणी एखादा पालक किंवा बचतगट घालू शकतो.

हिवाळ्यात चौरस मीटरला दररोज चार लिटर पाणी धरल्यास ६० चौरस मीटरला २४० लिटर लागते. तांदूळ, डाळ व भाजी धुतलेले पाणी थेट वाफ्यांस द्यावे. साबणाचे पाणी पालेभाज्यांवर न टाकता केळी व अळूकडे वळवावे. एवढ्याने सारी गरज भागणार नाही. उरलेल्या पाण्याची सोय पेरणीपूर्वी ग्रामपंचायतीने ठरवावी.

शिक्षण की मजुरी?

'पोरं शाळेत शिकायला धाडली, निंदणाला नाही,' अशी तक्रार पालकांकडून येऊ शकते. ज्यांचे आयुष्य दुसऱ्याच्या शेतात निंदण करण्यात गेले, त्यांच्या तोंडी ही तक्रार रास्त आहे. तिला उत्तर एकच : प्रत्येक वाफ्याची वही. पेरणीचा दिवस, उगवलेली रोपे, पावसाची नोंद, घातलेले पाणी, काढलेल्या भाजीचे वजन, हे मुलांनी लिहावे. क्षेत्रफळ, सरासरी आणि टक्केवारी तेथेच शिकवावी. ज्या बागेची वही नाही, तेथे मुलांचे काम मजुरीच ठरते. बागेचे काम आठवड्यास एक-दोन तासांपुरते असावे, शिक्षा म्हणून कोणास देऊ नये आणि पाणी भरणे केवळ मुलींच्या वाट्यास येऊ नये.

रासायनिक कीटकनाशकास शाळेच्या आवारात थारा नसावा. २०१७ च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक जणांचे प्राण गेले, हे वऱ्हाड विसरलेला नाही. लिटरभर पाण्यास ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी या प्रमाणात केलेला अर्क शिक्षकांनी फवारावा. मुलांनी आधी कीड ओळखावयास शिकावे.

ग्रामपंचायतीचे कर्तव्य

इंग्लंडमध्ये १९०८ च्या कायद्याने स्थानिक संस्थांवर नागरिकांस भाजीपाल्यासाठी भूखंड देण्याची जबाबदारी टाकली. सुमारे २५० चौरस मीटरचा असा तुकडा कुटुंब भाड्याने घेते आणि त्यात आपली भाजी पिकविते. आपल्याकडे ज्या शाळेजवळ जागा नाही, तेथे ग्रामपंचायतीस गावठाणातील मोकळ्या जागेचा विचार करता येईल. सामाईक बागेतही प्रत्येक वर्गाचा वाफा निराळा असावा. सर्वांची म्हणून सोडलेली बाग कोणाचीच राहत नाही. शाळा व्यवस्थापन समितीने कुंपण, पाणी आणि सुटीतील देखभाल या तीन बाबींची जबाबदारी नावानिशी ठरवून ठेवावी. शिक्षकाची बदली झाली तरी वह्या शाळेत राहतात आणि नव्या शिक्षकास त्यांवरून काम पुढे नेता येते.

२६ जानेवारीच्या ग्रामसभेत एखाद्या विद्यार्थ्याने बागेची वही वाचून दाखवावी : किती पेरले, किती उगवले, किती ताटात आले. पुढे १ मे रोजी निकालपत्राबरोबर प्रत्येक मुलाच्या हाती चवळीचे, भेंडीचे आणि अंबाडीचे मूठभर बियाणे द्यावे. पहिल्या पावसात ते त्याच्या आईच्या हातून धुऱ्यावर किंवा अंगणात पडेल. त्यांपैकी किती घरी उगवले, याची नोंद शाळा उघडल्यावर नव्या वहीच्या पहिल्या पानावर करावी.